नवा कॅमेरा त्रिपुरीला नेण्याआधी

पंचवटी, नाशिक

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

खोक्याचा फोटो मिळाला, आणि त्याच्यामागोमाग तुझा बेतही कळला. पुण्याहून निघायचं आणि त्रिपुरी पौर्णिमेला नवा कॅमेरा घेऊन थेट रामकुंड गाठायचं. उत्साह आहे तो असू दे. पुस्तिका उघडून वाचायची बुद्धी माणसाला कॅमेरा नवा असतानाच होते. पण घाटावर गर्दीत चित्र बिघडलं, तर दोष बॉडीचा (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा), लेन्सचा, कार्डाचा की सेटिंगचा हे तिथे कळत नाही. तेव्हा पौर्णिमेपर्यंतचे दिवस न हलणाऱ्या वस्तूंवर घालव. वस्तू बदलून द्यायची दुकानदाराची मुदतही याच दिवसांत संपते, ती बिलावर बघून घे.

सिरियल नंबर बिलावर, खोक्यावर आणि बॉडीच्या तळाशी असा तिन्हीकडे एकच आहे ना, ते आधी पडताळ. वॉरंटी कार्ड भारतातलं हवं. बॅटरी अर्धवट भरलेली येते, ती पूर्ण भर. पहिल्या वेळी रात्रभर चार्जिंगला लावायची पद्धत जुन्या बॅटऱ्यांची होती, लिथियम-आयनला तिची गरज नाही. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं असेल तर पूर्ण भरलेल्या बॅटरीवरच कर. मधेच वीज तुटली तर बॉडी सुरूच न होण्याची भीती असते. तारीख आणि वेळ नीट लाव, विशेषतः जुना कॅमेराही बरोबर आणणार असशील तर. दोन्ही घड्याळं सेकंदाला जुळली नाहीत की नंतर फोटो क्रमाने लावताना डोकं दुखतं.

व्ह्यूफाइंडरच्या कडेला छोटं चाक असतं, डायऑप्टरचं. ते फिरवताना समोरचं दृश्य बघू नकोस, आत दिसणारे शटर-ॲपर्चरचे आकडे बघ. दृश्य फोकसबाहेर असू शकतं, आकडे कधीच नसतात. ते रेखीव दिसले की चाक बरोबर लागलं. हे न करता ‘कॅमेऱ्याचा फोकस चुकतो’ म्हणून तक्रार करणारे पुष्कळ आहेत.

आता सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी आतली चिप. नव्या बॉडीतही धूळ किंवा शटरच्या यंत्रणेतलं वंगण सेन्सरवर असू शकतं. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/१६, फोकस मुद्दाम बिघडवलेला, शटर साधारण १ सेकंद. पांढऱ्या भिंतीकडे रोखून शटर उघडं असताना कॅमेरा किंचित हलवायचा. भिंतीचा पोत पुसला जातो, सेन्सरवरचा कण मात्र कॅमेऱ्याबरोबरच हलत असल्यामुळे जागच्या जागी करडा ठिपका म्हणून उमटतो. हेच चित्र एफ/२.८ ला घेतलंस तर तो ठिपका जवळजवळ दिसणार नाही, म्हणून उघड्या ॲपर्चरवर ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही. ठिपका चित्रात वर असेल तर कण सेन्सरच्या खालच्या भागात असतो, कारण लेन्स चित्र उलटं पाडते. समोरून सेन्सरकडे बघताना डावं-उजवं मात्र तेच राहतं. साफ करताना माउंटचं, म्हणजे लेन्स बसते तिथलं, तोंड जमिनीकडे ठेवून रबरी ब्लोअरने हवा मार. तोंडाने फुंकर मारू नकोस, थुंकीचे शिंतोडे पडले की ते पुसणं धुळीपेक्षा अवघड. डब्यातली दाबाची हवा तर नकोच, तिच्यातून द्रव उडतो. बंद केल्यावर शटरचा पडदा मिटणारी बॉडी असेल तर पडदा मिटलेला असताना ब्लोअर मारू नकोस, त्याची पाती फार पातळ असतात.

त्यानंतर लेन्सवर झाकण लाव आणि १/६० सेकंद व १० सेकंद असे दोन अंधारे फोटो घे. १० सेकंदाच्या फोटोत दोन-चार रंगीत ठिपके दिसले तर घाबरू नकोस, सेन्सर तापला की ते येतातच. १/६० लाही तोच ठिपका दिसला तर तो पिक्सेल खराब. बहुतेक बॉडीत पिक्सेल मॅपिंगची (खराब पिक्सेल वगळण्याची) सोय असते, ती चालव, तरी राहिला तर परत कर. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडकून बसतो. तो बिघाड नाही. त्याच मुदतीचा एक काळा फोटो तो आतल्या आत घेत असतो.

लेन्सची परीक्षा सगळ्यात जास्त जपून घ्यायची, कारण लेन्सचा दोष लोक वर्षानुवर्षं बॉडीच्या माथी मारतात. भिंतीवर मधोमध आणि चारी कोपऱ्यांत वर्तमानपत्राची पानं चिकटव. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर. समांतर आहे का ते कळायला भिंतीला सपाट टेकवून एक आरसा धर. व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्यभागी स्वतःच्याच लेन्सचं प्रतिबिंब आलं की सेन्सर आणि भिंत समांतर झाली. स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी सोय) बंद, शटर २ सेकंदांच्या टायमरवर. मग एफ/२.८, ५.६ आणि ८ वर एकेक फोटो घेऊन पडद्यावर १०० टक्के मोठा करून बघ. उघड्या ॲपर्चरवर चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या लेन्सची जात आहे, एफ/८ ला ते सुधारतील. पण तीन कोपरे स्वच्छ आणि एकच धूसर, तोही एफ/८ पर्यंत तसाच, तर आतलं एखादं भिंग केंद्रावरून सरकलेलं आहे. मात्र निकाल देण्याआधी त्या कोपऱ्यावर वेगळा फोकस करून बघ. तेवढ्याने तो सुधारला तर समांतरपणा चुकला असेल किंवा लेन्सची फोकसची पातळीच वक्र असेल. एफ/१६ च्या पुढे सगळंच थोडं मऊ होतं, ते विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे. त्याचा दोष लेन्सला देऊ नकोस.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे, त्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली परदेशातून कॅमेरा आणल्यावर वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून टिपलं होतं, भांडवल देणाऱ्याला खात्री पटावी म्हणून. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाची ही युक्ती तुलाही चालेल. इंटरव्हल शूटिंगवर दर मिनिटाला एक फोटो लावून खिडकीतल्या कुंडीसमोर कॅमेरा पाच-सहा तास सोडून दे. बॅटरी किती टिकते, बॉडी किती तापते आणि फोकस सरकतो का, हे तिन्ही त्यात कळतं. फोकस मॅन्युअलवर ठेव, नाहीतर उजेड बदलला की प्रत्येक फोटोत तो पुढे-मागे चाचपडत बसेल.

कार्डाचं काम कंटाळवाणं, पण टाळू नकोस. फॉरमॅट कॅमेऱ्यातच कर, लॅपटॉपवर नको. व्ही६० लिहिलेलं कार्ड सेकंदाला किमान ६० एमबी सलग लिहितं, व्ही९० असेल तर ९०. ठळक छापलेला मोठा आकडा बहुधा वाचनाचा असतो, त्याला भुलू नकोस. नवं कार्ड एकदा पूर्ण भर आणि शेवटच्या फायली लॅपटॉपवर उघडून बघ. नकली कार्ड क्षमता मोठी दाखवतं आणि खरी जागा संपली की पुढचं सगळं बिघडवतं, त्यामुळे पहिले पन्नास फोटो बघून ते पकडता येत नाही. रॉवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फायलींवर) सलग शटर दाबून धर आणि वेग कितव्या फोटोला पडतो, बफर (कार्डावर लिहिण्याआधी फोटो थांबतात ती जागा) रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते लिहून ठेव. दोन खाचा असतील तर दोन्हीत एकाच वेळी लिहायचं सेटिंग ठेव, मात्र वेग त्या दोहोंतल्या हळू कार्डाचा मिळेल.

नाशिकला आलास की पहिली सकाळ काळाराम मंदिराच्या आवारात घालव, परवानगी आहे तिथे आणि तेवढंच. काळा पाषाण कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून मीटर चालतो, म्हणून काळा दगड राखाडी करून दाखवतो. तिथे एक्स्पोजर १ स्टॉप कमी कर, म्हणजे उजेड निम्मा. उलट पांढऱ्या धोतर-टोप्यांची रांग चौकट भरून असेल तर तीच मळकट येते, तिथे १ स्टॉप वाढव. हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) बघताना एवढं लक्षात ठेव की तो जेपेगवरून काढलेला असतो. पिक्चर स्टाइल झगझगीत ठेवली तर रॉमध्ये शाबूत असलेला उजेडही जळालेला दाखवतो. न्यूट्रल ठेव. आणि तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू कर. झेंडू आणि कुंकू यांच्यात लाल वाहिनी आधी फुटते, म्हणजे मर्यादेपलीकडे जाते, एकूण हिस्टोग्राम मात्र ठीक दिसत राहतो. पाकळ्यांचा पोत जाऊन नुसता केशरी गोळा उरतो तो असा.

पांडवलेण्यांत सावली उचलायची परीक्षा घे. लेण्याच्या आतून दाराबाहेरच्या उजेडाला एक्स्पोजर लाव, आतला अंधार काळाच येऊ दे. मग रॉमध्ये सावल्या ३-४ स्टॉप उचलून बघ. नुसता बारीक दाणा दिसला तर चालेल, पट्टे दिसले तर त्या बॉडीची मर्यादा कळली. तिथे ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून स्टॅबिलायझेशन तिथेच तपासून घे. हातात धरून १/१५, १/८ आणि १/४ सेकंदावर प्रत्येकी पाच फोटो, पाचातले किमान चार धारदार येतात तोवरचा वेग तुझा. देवळालीकडे जाणार असशील तर लष्करी हद्दीत कॅमेरा पिशवीतच असू दे.

फिरता फोकस पारखायला नांदूरमध्यमेश्वरसारखी जागा नाही. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० साली रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. सकाळी चापडगावच्या मनोऱ्याकडे जा. एएफ-सी (हलत्या वस्तूवर सतत फोकस) लाव, पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय चालू कर आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दे. पहिला तास जांभळ्या पाणकोंबड्यांवर घालव, त्या हळू चालतात आणि पुरेशा दिसतात. उडत्या बदकांना १/२००० सेकंद हवा, १/५०० ला पंखांची टोकं पुसतात. इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही म्हणून मोह होईल. पण साध्या सेन्सरला वरून खालपर्यंत वाचायला सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग लागतो, तेवढ्यात पंख पुढे सरकतो आणि फोटोत वाकडा येतो. पक्ष्यांना मेकॅनिकल शटरच वापर. थंडीतून घरात आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नकोस. बाहेर थंडीत असतानाच झिपच्या पिशवीत बंद कर आणि घरात तासभर तसाच राहू दे, म्हणजे दव पिशवीवर धरेल, भिंगावर नाही.

उरला पौर्णिमेचा दिवस. लेन्सवरचा तो स्वस्त यूव्ही फिल्टर काढून ठेव. अंधारात प्रत्येक दिव्याचं फिकट, उलटं भूत चौकटीच्या विरुद्ध बाजूला उमटतं, ते त्या फिल्टरच्या काचेवरून परावर्तन होऊन. सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि पूर्ण चंद्र त्याच सुमाराला उगवतो. त्यानंतरचा अर्धा तास खरा कामाचा, आकाश निळं असतं आणि दिव्यांशी त्याचा उजेड जुळतो. पुढे आकाश काळं पडलं की ज्योती जळतात आणि चेहरे बुडतात. ज्योत आणि चेहरा दोन्ही जमत नसेल तर चेहऱ्याला लाव, ज्योतीचा गाभा पांढरा झाला तरी कोणी हरकत घेत नाही. सुरुवात आयएसओ १६००, एफ/२, १/१०० अशी कर.

१/१०० का, तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे घाटावरचे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० मध्ये पूर्ण आवर्तन बसतं, त्याहून वेगात आडवे पट्टे येतात. व्हिडिओ घेतलास तर २५ फ्रेम आणि १/५०, ३० फ्रेम नको. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलास तर कॅमेरा पणतीचा पिवळेपणा दोष समजून धुऊन टाकतो. ३४०० केल्विनच्या आसपास कायम कर. दिव्यांना ताऱ्यासारखे किरण हवे असतील तर ट्रायपॉडवर एफ/११ किंवा १६. ॲपर्चरला ९ पाती असतील तर १८ किरण पडतात, ८ असतील तर ८च.

आयएसओ कुठवर न्यायचा ते आदल्या रात्री घरीच ठरव. खिडकीजवळच्या एकाच दृश्याचे १६०० पासून १२८०० पर्यंत फोटो घे आणि पडद्यावर न्याहाळत बसण्यापेक्षा ८×१२ इंचाची प्रिंट काढून बघ. चोवीस मेगापिक्सेलची ६०००×४००० ची फाइल ३०० डीपीआयला २० इंच जाते, ८×१२ मध्ये ६४०० चा दाणा बराचसा विरतो.

येताना दोन बॅटऱ्या, दोन्ही कार्डं, ब्लोअर आणि बॉडीची टोपी आण. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि तेल सांडलेलं असतं, तेव्हा पट्टा गळ्यातून आडवा घाल आणि पाण्याच्या कडेला लेन्स बदलू नकोस. खोकं आणि आतलं थर्मोकोल वॉरंटी संपेपर्यंत फेकू नकोस, माळ्यावर जागा आहे.

तुझी,
आई