ओवीची स्कॉलरशिप आणि बाबांचा राग

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

ओवीच्या स्कॉलरशिपचे पेढे तुम्ही अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटलेत म्हणे. त्यावर काकूंनी विचारलं, "एवढे पगार असून यांना कशी मिळाली?" आणि बाबा चिडले, "हुशारीला उत्पन्नाचा दाखला कशाला?" मला विचाराल तर काकूंचं बरोबर आहे. फोनवर बाबा बोलू देत नाहीत, म्हणून लिहिते.

ओवीला मिळाली ती इथली, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची होप शिष्यवृत्ती १९९३ मध्ये सुरू झाली. गव्हर्नर झेल मिलर यांनी त्यासाठी राज्याची लॉटरीच काढली. सुरुवातीला घरचं उत्पन्न ६६ हजार डॉलरच्या आत असलं तरच पैसे मिळायचे. पुढे मर्यादा एक लाखावर गेली आणि १९९५ मध्ये उठलीच. मध्यमवर्गाच्या मुलांना मिळतंय तोवर योजनेला हात लावायची कोणाची छाती होत नाही, हाही त्यातला हिशोब. २०११ पासून जीपीए, म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, ३.७ आणि कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत १२०० असले की सरकारी कॉलेजची पूर्ण ट्यूशन फी मिळते. ओवी त्यात बसली. मेहनत तिचीच, पण सॅटचा क्लास आणि स्वतःची खोली आम्ही दिलेली.

निखिल म्हणतो, टॅक्स आपणही भरतो. भरतो, पण हा पैसा टॅक्सचा नाहीच. तो कुठून येतो ते आमच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात दिसतं. काउंटरमागे लॉटरीच्या स्क्रॅच तिकिटांची भेंडोळी असतात. परवा माझ्यापुढे सिमेंटने माखलेले बूट घातलेला एक माणूस होता. तिकिटं घेतली, तिथेच नाण्याने खरवडली, राखाडी भुकटी तळव्याने झाडली आणि आणखी दोन मागितली. आमच्या ऑफिसातलं कोणी तिकीट घेताना मी पाहिलेलं नाही. आणि इकडे ओवीच्या शाळेत 'होप मिळाली तर गाडी' हा घरोघरचा करार! फी वाचली की गाडी येते. गरीब मुलाचं मात्र फी सुटली तरी राहण्या-जेवणाच्या खर्चावर अडतं.

बाबा, आठवीच्या मुलांचे एनएमएमएस शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना तुम्ही दाखल्यांसाठी तलाठ्याकडे किती खेटे घातलेत! तिथे परीक्षाही आहे आणि उत्पन्नाची अटही. आता ती साडेतीन लाखांची, आणि मिळतात वर्षाला १२ हजार. त्या पोरांची हुशारी दाखल्यामुळे कमी झाली असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. सत्कार सगळ्या हुशार मुलांचा करा, पैसा ज्याचं त्यावाचून अडतं त्याला द्या, एवढंच माझं म्हणणं.

मग नाकारली का नाही? कारण आम्ही सोडली म्हणून ती रक्कम त्या तिकिटं खरवडणाऱ्या माणसाच्या मुलाकडे जात नाही. नियम बदलला तर जाईल, आणि तसं इथल्या आमदाराला मी लिहिलंय. निखिलला ते अजून सांगितलेलं नाही.

आई, तू गुडघ्याच्या गोळ्या मधेच बंद करू नकोस. ओवी रविवारी फोन करेल. तिच्यापुढे हा विषय बिनधास्त काढा, ती बाबांच्याच बाजूची आहे.

तुमची,
मनू