तुझ्या कॉलेजात माझं काम काय

बाळा,

व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं तर ते इतकं लांबत गेलं की म्हटलं सरळ मेलच टाकावा, तसंही मोठा मेसेज दिसला की तू "नंतर वाचतो" म्हणतोस आणि ते नंतर काही उगवत नाही. हा मात्र वाच. उपदेश कमी आहे, बराचसा भाग मी काय करणार आणि कशात नाक खुपसणार नाही याचा आहे, आधीच ठरलेलं असलं की उगाच खटके नकोत.

आधी फोनचं. रोज फोन करून मी "जेवलास का, झोप झाली का" विचारणार, तू "हं" म्हणणार, मग मी "आवाज असा का येतोय" विचारणार, तू "काही नाही गं" म्हणणार आणि फोन ठेवल्यावर दोघंही वैतागलेले. त्यापेक्षा रविवारी एक निवांत कॉल, बाबापण असतील. मधल्या दिवसांत मी फोटो, फालतू जोक असं काहीबाही टाकत राहीन, त्याला रिप्लाय दिलाच पाहिजे असं अजिबात नाही, ब्लू टिक दिसली की मला पुरे. आणि ते लोकेशन शेअरिंग बंद करून टाक. रात्री एक वाजता तो ठिपका लायब्ररीत दिसला तरी मी काळजी करणार आणि बाहेर कुठे दिसला तरी करणार, मग बघायचाच कशाला. प्रवासाला निघालास तर "निघालो", "पोचलो" एवढे दोन शब्द टाकत जा, बास.

ॲकॅडेमिक कॅलेंडर मात्र पाठव मला. मिडसेम कधी, सबमिशनचा आठवडा कुठला, फायनल कधी संपते हे माहीत असलं की त्या दिवसांत मी मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि बाथरूमचा गळका नळ घेऊन तुझ्या मागे लागणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री "झाला का अभ्यास" हेही विचारणार नाही. अभ्यास झालेला असला तरी त्या रात्री कोणी हो म्हणत नाही.

मार्कांचं काय, तर पोर्टलचा पासवर्ड मला माहीत आहे कारण ॲडमिशनचा फॉर्म मीच भरला होता, तो आजच्या आज बदल. निकाल तू सांगायचास, मी लॉगिन करून बघायचा नाही. पहिल्या सेमला मार्क घसरले तर आभाळ कोसळत नाही, आपापल्या शाळेतले हुशार म्हणवणारे सगळे तिथे एकाच वर्गात बसलेत आणि शिकवायचा वेगही शाळेपेक्षा जास्त, बऱ्याच जणांचे घसरतात. फक्त एक हिशोब डोक्यात ठेव. चार क्रेडिटच्या विषयात ६ ग्रेड पॉइंट आणि एक क्रेडिटच्या लॅबमध्ये १० मिळाले तर सरासरी ८ येत नाही, २४ अधिक १० म्हणजे ३४, भागिले ५, येतात ६.८. तेव्हा लॅबची जर्नल रंगीत पेनांनी सजवण्यात दोन रात्री घालवायच्या आधी बघ की वजन कुठल्या विषयाला आहे. आणि एखादा विषय खरंच झेपत नसेल तर तो बदलायची किंवा सोडायची जी शेवटची तारीख असते ना, ती जायच्या आधी बोल. त्यानंतर बोललास तर आपण दोघं मिळून फक्त हळहळू शकतो.

अभ्यासात मी मदत करू शकत नाही असं तू मागे म्हणालास, तुझे विषय मला कळत नाहीत म्हणून. अरे, कळत नाहीत हेच तर कामाचं आहे! त्या रविवारी तू मला प्रोग्रामिंगमधलं रिकर्शन समजावत होतास, की ते फंक्शन स्वतःलाच बोलावतं, ते परत स्वतःला बोलावतं वगैरे, आणि मी आपलं सहज विचारलं की मग हे थांबतं कुठे, तर तू एकदम गप्प. मग म्हणालास, "थांब, बेस केस, म्हणजे कुठे थांबायचं ती अट, सांगायचीच राहिली, खरं तर मलाच ती नीट कळलेली नाहीये." दहा मिनिटांनी परत फोन केलास आणि धडाधड सांगितलंस. मला अजूनही अर्धवटच कळलंय, पण तुझं पक्कं झालं ना. यावर अभ्यासही झालेत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले, काहींना परत परत वाचायला सांगितलं, काहींना कागद बंद करून आठवेल ते लिहायला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. तू तिन्ही रंगांचे हायलायटर घेऊन तेच पान चौथ्यांदा वाचत बसतोस ते पाच मिनिटांपुरतं आहे. म्हणून रविवारचा अर्धा तास माझ्यासाठी राखून ठेव, आठवड्यात शिकलेलं काहीही एक मला शिकवायचं, वही न बघता. मी मधेमधे बावळट प्रश्न विचारेन, तेवढं मला छान जमतं.

झोपेचंही याच्याशीच आहे म्हणून इथेच लिहिते, तुला ते आईचं टुमणं वाटेल. तुझ्या वयाला सात ते नऊ तास लागतात आणि दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसायचं बरंचसं काम झोपेतच होतं. रात्रभर जागून वाचायचं म्हणजे तेवढं काम कापायचं. पुढे मी काही बोलणार नाही.

सरांशी वाद झाला, मार्क चुकून कमी पडले, असाइनमेंट अपलोड झाली नाही, तर मी कॉलेजला फोन करणार नाही. बाबांनाही करू देणार नाही, ते करतील हं, त्यांचा भरवसा नाही. तू स्वतः मेल करायचास. हवं तर पाठवायच्या आधी मला दाखव, मी ऑफिसात दिवसभर तेच करते. विषयाच्या जागी नुसतं "प्रॉब्लेम" लिहू नकोस, कोर्सचं नाव आणि काय हवंय ते लिही. पहिल्या ओळीत नाव, रोल नंबर, डिव्हिजन. मग काय झालं ते दोन वाक्यांत, तू काय करून बघितलंस ते एका वाक्यात, स्क्रीनशॉट जोड, आणि नेमकं मागणं काय ते सांग, म्हणजे "कृपया काहीतरी करा" असं नाही तर "उत्तरपत्रिका बघायला कधी येऊ" असं. मेलला उत्तर नाही आलं तर केबिनबाहेर जाऊन उभा राहा. बहुतेक शिक्षकांना प्रश्न विचारायला येणारी मुलं आवडतात, येतात फार थोडी.

पैशांचं थोडक्यात. महिन्याच्या सुरुवातीला एकदा टाकणार, कुठे गेले त्याचा हिशोब मागणार नाही. वीस तारखेलाच संपले तर ओरडा खायची तयारी ठेवून सांग, पण मित्राकडून किंवा त्या झटपट कर्जाच्या ॲपवरून उचलू नकोस. ओरडा एकदाच असतो, व्याज रोज चढतं. रूममेटशी भांडण झालं तर ते तुमचं तुम्ही मिटवा, मी ऐकून घेईन पण बाजू घेणार नाही. घेतली आणि चार दिवसांनी तुम्ही परत गळ्यात गळे घालून फिरलात की वाईट मी.

आता जिथे मी न विचारता मध्ये पडणार ते. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणाचे निकाल २००५ मध्ये आले होते, त्यात असं दिसलं की आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे कॉलेजचं वय त्यातच येतं. घरची आठवण येणं, पहिले काही आठवडे एकटं वाटणं हे होतंच आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. पण दोन आठवडे झाले तरी सकाळी उठवत नाहीये, लेक्चर बुडतायत, भूक नाही, आवडायचं त्यातही मन लागत नाही, असं असेल तर ते आळस म्हणून ढकलू नकोस. कॉलेजचा काउन्सेलर असतो, त्याच्याकडे जा, तिथे काय बोललास ते मला सांगायची गरज नाही, गेलो होतो एवढं सांगितलंस तरी चालेल, नाही सांगितलंस तरी चालेल. आणि जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं तर रात्री तीनलाही फोन कर, आणि मी पोचेपर्यंत एकटा राहू नकोस, कोणाला तरी उठव. "आईला सांगितलं तर ती घाबरेल" असा विचार करू नकोस. घाबरेन की, पण गाडीत बसून घाबरेन, तोवर तुझ्याकडे यायला निघालेली असेन.

यासाठीच मला दोन नंबर हवेत, एक रूममेटचा आणि एक वॉर्डनचा. तू आता अठरा पूर्ण आहेस, पुष्कळ ठिकाणी दवाखाना किंवा कॉलेज तुझ्या परवानगीशिवाय मला काही सांगणार नाही, ते बरोबरच आहे, म्हणून इमर्जन्सी कॉन्टॅक्टच्या रकान्यात माझं नाव तू स्वतः भरून ये. त्या रूममेटला मी "आमचा काय करतोय रे" असं विचारायला फोन करणार नाही हे त्याला सांगून ठेव, नाहीतर बिचारा माझा नंबर ब्लॉक करेल. तू दिवसभर उचलला नाहीस आणि मेसेजही बघितला नाहीस तरच.

आणि पुढच्या वर्षी वाटलं की ही ब्रांच आपली नाही, तर तेही बोलू. फक्त कंटाळा आलाय म्हणून नको, त्या दुसऱ्या ब्रांचच्या दोनचार सीनियरना भेट, एखाद्या लेक्चरला मागे जाऊन बस, बदलीचे नियम काय, किती क्रेडिट वाया जातात ते काढ, मग आपण तिघं बसू. बाबा सुरुवातीला नाही म्हणतील. त्यांचं मी बघते.

नंबर या आठवड्यातच पाठव, कॅलेंडरपण.

आई

ता. क. तुझ्या चष्म्याच्या नंबरचा कागद कपाटात राहिलाय, त्याचा फोटो खाली जोडलाय, फोनमध्ये सेव्ह करून ठेव.