मंद आचेचा खाऊ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

भात बुडाशी लागतो, उकडलेल्या अंड्याचं साल पांढऱ्याचे लचके घेऊन निघतं, आणि घरच्या मक्याच्या लाह्या चिवट होतात. तुझ्या या तिन्ही तक्रारींचं मूळ मसाल्यात नाही, आच आणि पाणी यांत आहे. दमून आल्यावर जे खावंसं वाटतं त्यात जिन्नसच दोन-तीन असतात, त्यामुळे एकाचंही गणित चुकलं तर चव सावरायला दुसरं काही हाताशी नसतं. म्हणून नव्या पाककृती पाठवत नाही. तू करतोस त्याच पदार्थांत आत काय घडतं आणि कुठे बिघडतं, तेवढंच लिहितो.

मापं आधी ठरवून टाकू. मी वाटी म्हणेन ती 150 मिलिलिटरची, लहान चमचा 5 मिलिलिटरचा आणि मोठा 15 चा. तुझी वाटी लहान-मोठी असली तरी चालेल, फक्त तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोज.

मऊ भातापासून सुरुवात करतो, कारण पोट बिघडलेलं असो की मन, पहिली आठवण त्याचीच होते. एकट्यासाठी अर्धी वाटी तांदूळ आणि चार वाट्या पाणी. म्हणजे एकास आठ. चमच्याने खाण्याजोगा घट्ट हवा असेल तर एकास पाच. तांदूळ आखूड, जाडसर दाण्याचा घे. त्यातला स्टार्च पाण्यात उतरून पेज दाट आणि मिळून आलेली होते. लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज नावाचा घटक जास्त असतो, त्याचे दाणे वेगळे राहतात. तो भात मोकळा छान होतो, पण मऊ करायला गेलास तर दाणे एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असं होतं. घरात लांब दाण्याचाच असेल तर अर्धा तास भिजव, निथळ आणि भिजलेले दाणे बोटांनी चुरडून शिजायला टाक. कणी असली तर उत्तमच, 20 ते 25 मिनिटांत काम होतं. अख्ख्या दाण्याला मंद आचेवर 40 मिनिटं धर.

तांदूळ एक-दोन पाण्यांनी धुवायचे, त्याहून जास्त नाही. पातेलं जाड बुडाचं हवं आणि सुरुवातीला अर्ध्याहून जास्त भरलेलं नको. उतू जाण्याचं कारण असं: पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळे बुडबुड्यांची साय चिवट होते, बुडबुडे फुटत नाहीत, एकावर एक चढत जातात. झाकण घट्ट लावलंस की ते झाकण उचलून बाहेर येणारच. झाकण थोडं कलतं ठेव आणि पाण्यात अर्धा लहान चमचा तूप किंवा तेल टाक, फेस बसतो.

बुडाशी लागण्याच्या वेळा दोनच. पहिली, उकळी फुटताना, कारण कच्चे दाणे जड असतात आणि तळाशी बसतात. तेव्हा दोन-तीन मिनिटं तळापासून ढवळ. दुसरी, शेवटच्या दहा मिनिटांत, पेज दाट झाल्यावर. मधल्या वेळात त्याला एकटं सोडलंस तरी चालेल. पाणी कमी पडलं तर उकळतं पाणीच घाल. गार पाण्याने शिजणं थांबतं आणि पातेलं पुन्हा तापेपर्यंत तळाचा भात डागतो. मीठ अगदी शेवटी, पाणी आटून झाल्यावर. आधी घातलंस तर आटत आटत ते खारट होतं. भात जरा पातळ असतानाच गॅस बंद कर. गार होताना तो घट्ट होतोच.

आणि लागलाच तर? खरवडू नकोस, ढवळू नकोस. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात ओत, तळाचा तिथेच राहू दे. करपलेला वास ढवळण्याने सगळीकडे पसरतो आणि मग तो कशानेही जात नाही.

उरलेल्या भाताबद्दल मात्र मी आग्रहाने सांगणार आहे. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि उलटी घडवणारं ते विष पुन्हा गरम करून नाहीसं होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर गार कर, तासाभरात फ्रिजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी संपव. खाताना वाफ येईपर्यंत गरम कर. रात्रभर बाहेर राहिलेला भात वास आला नाही तरी टाकून दे.

आता अंडी. तू ती गार पाण्यात ठेवून उकळतोस असं लिहिलं आहेस, आणि घोटाळा तिथेच आहे. पाणी हळूहळू तापतं तेव्हा पांढरं आतल्या पातळ पडद्याला चिकटत चिकटत घट्ट होतं. उकळत्या पाण्यात सोडलंस की बाहेरचा थर झटकन जमतो आणि पडद्यापासून सुटा राहतो. पळीतून अलगद सोड, धाडकन टाकू नकोस, आणि सोडल्यावर आच कमी कर. खळखळत्या उकळीत अंडी एकमेकांवर आपटून तडकतात. फ्रिजमधून काढलेल्या मध्यम अंड्याला 6 मिनिटं दिलीस तर पांढरं घट्ट आणि बलक वाहता. 8 मिनिटांना बलक जॅमसारखा. 11 ला पूर्ण घट्ट. वेळ झाली की लगेच बर्फाच्या किंवा गार पाण्यात 5 मिनिटं, नाहीतर आतल्या उष्णतेवर ते शिजतच राहतं.

बलकाभोवती हिरवट कडा दिसली तर अंडं खराब आहे असं समजू नकोस. जास्त वेळ शिजल्यावर पांढऱ्यातलं गंधक बलकातल्या लोहाला मिळतं, त्याचा तो रंग. खायला चालतं, पण बलक कोरडा भुसभुशीत झालेला असतो. अगदी ताजं अंडं सोलायला सर्वांत वाईट, कारण त्याचं पांढरं पडद्याला फार घट्ट धरून असतं. आठवडाभर ठेवलेल्या अंड्यातून कवचाच्या छिद्रांवाटे कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढऱ्याची आम्लता घटते आणि साल सहज सुटतं. उकडायला जुनी, फोडून तव्यावर करायला ताजी, असा साधा हिशोब ठेव. उंचावरच्या गावी कधी राहायला गेलास तर दर 300 मीटरला पाणी साधारण 1 अंश कमी तापमानाला उकळतं हे लक्षात ठेव. 1500 मीटरवर ते 95 च्या आसपासच उकळतं, म्हणून तिथे अंड्याला आणि भाताला वेळ वाढवून द्यावा लागतो.

स्क्रॅम्बल्ड अंडी रबरासारखी होऊन ताटलीत पाणी सुटतं, ते आचेच्या घाईमुळे. प्रथिनं फार तापली की आवळतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. दोन अंड्यांना चिमूटभर मीठ घालून फेट, पांढरा पट्टा दिसेनासा होईपर्यंत. तव्यात 10 ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळव. त्याला फेस यावा, रंग येऊ नये. अंडं ओत, दहा सेकंद थांब, मग उलथण्याने कडेकडून आत ओढत राहा. ओलसर चमक असतानाच तवा उतरव. उरलेलं शिजणं ताटलीपर्यंत जाताना होतं.

घोटलेल्या बटाट्याबद्दल तू विचारलं नव्हतंस, पण ज्याला मऊ भात आवडतो त्याला हा आवडणारच. अर्धा किलो पिठूळ बटाटे सोलून सारखे तुकडे कर. गार पाण्यात घाल, एक लहान चमचा मीठ टाक आणि मग गॅस पेटव. अंड्याच्या बरोबर उलट. मोठा तुकडा उकळत्या पाण्यात पडला तर बाहेरून विरघळतो आणि आत कच्चा राहतो. सुरी सहज आरपार गेली की निथळ आणि त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटं मंद आचेवर कोरडा होऊ दे. ही दोन मिनिटं गाळू नकोस, पाणी राहिलं की चव पांचट होते. मग आधी 50 ग्रॅम लोणी घालून घोट आणि नंतर अर्ध्या ते पाऊण वाटीपर्यंत गरम दूध, थोडं थोडं. मिक्सर वापरू नकोस. पात्याने स्टार्चचे कण फुटतात आणि भांड्यात अक्षरशः खळ तयार होते, ती परत सुधारत नाही. हातातलं लाकडी घोटणं किंवा काटा पुरे.

हिरवट पडलेला किंवा खूप मोड आलेला बटाटा घेऊ नकोस. हिरवा रंग उजेडाने आलेला असतो, आणि त्याच उजेडाने सोलॅनिन हे कडवट विषही वाढतं. ते उकळून जात नाही. बटाटे अंधारात, हवेशीर जागी ठेव.

लाह्यांचं शास्त्र मला फार आवडतं. लाह्यांच्या मक्याच्या दाण्यात साधारण 14 टक्के ओलावा असतो आणि टणक साल त्याची वाफ आत कोंडून धरतं. दाणा 180 अंशांच्या आसपास तापला की साल फुटतं, आतला मऊ झालेला स्टार्च फुगतो आणि तसाच थिजतो. यावरून लाह्यांच्या दोन्ही अडचणी कळतील. न फुटलेले दाणे खूप राहतात, म्हणजे ते सुकलेले आहेत किंवा त्यांचं साल चिरलेलं आहे. सुकलेले असतील तर बरणीत दोन वाट्या दाण्यांना एक मोठा चमचा पाणी घालून हलव आणि तीन-चार दिवस झाकण लावून ठेव, रोज एकदा हलवत जा. लाह्या चिवट होतात त्या भांड्यात कोंडलेल्या वाफेने. दाण्यांतून सुटलेली वाफ घट्ट झाकणाखाली लाह्यांवरच परत बसते.

अर्धी वाटी दाण्यांना दोन मोठे चमचे तेल आणि चार लिटरचं पातेलं. मध्यम आचेवर तेलात तीनच दाणे टाक आणि झाक. तिन्ही फुटले की तेल हवं तेवढं तापलं. आता गॅस बंद करून बाकीचे दाणे घाल, तीस सेकंद हलव, म्हणजे सगळे एकाच तापमानाला येतात, आणि पुन्हा गॅसवर ठेव. झाकण बोटभर कलतं, तुझ्याकडे नाही, पलीकडच्या बाजूला. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की लगेच दुसऱ्या भांड्यात ओत. शेवटच्या चार दाण्यांच्या लोभाने सगळं करपतं. मीठ मिक्सरमधून बारीक करून घे. जाड मीठ लाहीवर ठरत नाही, तळाशी जाऊन बसतं.

भाजलेले शेंगदाणे सोपे आहेत, फक्त उशिरा थांबू नकोस. दीड वाटी दाणे जाड कढईत मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं, सतत हलवत. मोठ्या आचेवर साल काळं पडतं आणि आत कच्चटच राहतं. एक दाणा फोडून बघ. आतून फिकट बदामी दिसला की ताटात पसर, तो गार होताना आणखी एक छटा गडद होतो. गरम असताना मऊच लागतात, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो, तेव्हा चाखून पुन्हा कढईत टाकू नकोस. खारे हवे असतील तर दोन लहान चमचे पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून गरम दाण्यांवर शिंपड आणि कढईत दोन मिनिटं सुकव. भाजण्याआधी सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे वेचून फेक. त्या बुरशीतलं अफलाटॉक्सिन हे विष भाजून पूर्णपणे जात नाही.

चीजचं सँडविच राहिलं. लोणी पावाच्या बाहेरच्या बाजूला लाव, कडांपर्यंत. चीज जाड कापापेक्षा किसलेलं लवकर वितळतं. मंद आचेवर झाकण ठेवून एका बाजूला तीन-चार मिनिटं, उलटल्यावर झाकण काढ, नाहीतर वाफेने वरचा पाव ओला होतो. पाव एक दिवस शिळा असला तर जास्त चांगला. उद्या-परवा खायचा पाव फ्रिजमध्ये मात्र ठेवू नकोस, तिथल्या गारव्याने त्यातला स्टार्च लवकर कडक होतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तर काप करून फ्रीझरमध्ये, आणि तिथून थेट तव्यावर.

आधी मऊ भात एकास आठने करून बघ. जमला की पाणी किती आटलं आणि तुझ्या गॅसवर किती मिनिटं लागली ते कळव, मग कुकरमधलं माप त्यावरून काढून देतो.

तुझा,
जिवलग मित्र