प्रात्यक्षिकाचे ते वीस गुण खरे होऊ द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाली, शिक्षणसेवक म्हणून दुसरं वर्ष चालू आहे. तीन वर्षं अठरा हजार मानधनावर काढायची हे ठाऊक असूनच रुजू झाले, त्यामुळे हे पत्र पगारासाठी नाही. गेल्या फेब्रुवारीत मी काही सह्या केल्या, त्यांच्याबद्दल आहे.

दहावीच्या विज्ञानाला लेखी ८० गुण आणि प्रात्यक्षिकाचे २०, हे आपल्याला माहीत आहेच. प्रात्यक्षिकाआधी मुलांच्या प्रयोगवह्या माझ्या टेबलावर आल्या. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जिथं स्पष्ट उमटते तेवढं अंतर, काढण्याचा प्रयोग प्रत्येकाच्या वहीत होता. निरीक्षणं सगळ्यांची तीच, सरासरी तीच, उत्तर दशांश चिन्हानंतरच्या आकड्यापर्यंत तेच. बाजारात छापील जर्नल मिळतं, उत्तरांसकट. एकानं आणलं, बाकीच्यांनी उतरवून काढलं. मी त्यांना रागवू शकले नाही, कारण त्यातले निम्म्याहून जास्त प्रयोग मीच करून घेतले नव्हते. भिंग हातात न घेता मुलांनी नाभीय अंतर लिहिलं आणि मी त्याखाली तारीख टाकून सही केली. गुण दिले १८, १९, २०. सगळीकडे असेच गुण पडतात. मी एकटीनं खरे दिले असते तर नुकसान माझ्याच मुलांचं झालं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. विज्ञानाच्या नावाखाली मुलांना आपण पहिली कुठली गोष्ट शिकवली, तर न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहायला.

शाळेला प्रयोगशाळा आहे. रुजू झाले तेव्हा तिथं पोषण आहाराच्या तांदळाचे कट्टे, मोडके बाक आणि जुने फळे रचलेले होते. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच गेली नाही. पहिलं वर्ष माझं तासिका, ऑनलाइन माहिती भरणं आणि मतदार यादीच्या कामात गेलं. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असं लिहिलं आहे, पण शाळेत आलेल्या कागदाला नाही म्हणायची ताकद नव्या शिक्षकात नसते. एवढं सांगून तो विषय सोडते.

दहावीची परीक्षा उरकल्यावर, मार्चमध्ये, नववीच्या मुलांना घेऊन मी ती खोली उघडली. दोन रविवार लागले. बाटल्यांची लेबलं कसरीनं खाल्लेली, कशात काय आहे ते कळेना; त्या मी बाजूला कुलूपबंद ठेवल्या. लाकडी पेटीत एक सूक्ष्मदर्शी निघाला. आरसा धड, भिंगावर बुरशीचे ठिपके. स्पिरिटनं हलक्या हातानं पुसला. एका मुलीच्या डब्यात कांदा होता, त्याचाच पापुद्रा काढला, मेडिकलमधून आणलेल्या टिंचर आयोडीनचा एक थेंब टाकला आणि खिडकीशी पेटी ओढून उजेड धरला. पहिली मुलगी वाकली आणि बराच वेळ उठेचना. मागची ओरडायला लागली. मग ती म्हणाली, "मॅडम, हे तं इटाच्या भितीवानी दिसायलंय. अन् मधी एक एक ठिपका हाय." पेशीभित्तिका आणि केंद्रक. आठवीत पेशीचा धडा तिनं पाठ केला होता, आकृती काढून गुणही मिळवले होते. पाहिलं नववी संपताना.

त्याच आठवड्यात आम्ल-आम्लारीचा धडा पुन्हा घेतला. आम्ल-आम्लारी रंगावरून ओळखायचा लिटमस कागद शाळेत नव्हता. पण आमचा हा हळदीचा मुलूख. वसमतची हळद बाजारात नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, आणि मार्चमध्ये घरोघरी हळद शिजवणं, वाळवणं चाललेलं असतं. मुलांची बोटं पिवळी असतात. मुलांनीच घरून पूड आणली. पाण्यात कालवून साध्या कागदाला लावली, उन्हात वाळवली. धुण्याच्या सोड्याचा थेंब पडला की कागद लाल, वर लिंबू पिळलं की परत पिवळा. एक जण म्हणाला, "आमच्या मायला हे ठाऊक हाय. हळदीच्या कपड्याला साबण लागला की लाल होतंय म्हणती." हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो तो याच कारणानं, हे मी सांगितलं तेव्हा वर्गात जी कुजबुज झाली ती मी वर्षभरात ऐकली नव्हती. घरात आई रोज जे बघते, तेच पुस्तकात आहे, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं असावं.

एका मुलाबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. त्याचे आईवडील दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. उचल घेतलेली असते, मुकादमाला शब्द दिलेला असतो, घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून तोही बरोबर जायचा. गुढीपाडव्याच्या आसपास परत आला. धाकट्या बहिणीला राखत कारखान्याजवळच्या कोपीत त्याचा हिवाळा गेलेला. त्याला धडा काहीच माहीत नव्हता. हळदीचा लाल कागद बघितला आणि विचारलं, "मॅडम, कारखान्यात उसाच्या रसात चुना काहून टाकतेत?" रस मुळात आम्लधर्मी असतो. तो तसाच तापवला तर साखरेचे रेणू तुटतात, स्फटिक हाती कमी लागतात. चुन्यानं ते आम्ल मारतात आणि रसातला मळही खाली बसतो. मी एवढं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हंजे ते बी हेच हाय." वर्गात सगळ्यात कमी दिवस बसलेल्या मुलानं त्या दिवशी सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. यंदा तो दहावीला आहे. आजीजवळ राहिलाय, कोयत्यावर गेला नाही.

मंत्रिमहोदय, याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशालाच बसणाऱ्या अतिसूक्ष्म हेलकाव्यांची, वेधशाळा उभी राहते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रानं तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी मिळाली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून जाणारा लेझर आणि टोकांना आरसे. भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडला तरी तो तिथं मोजला जाईल. आइन्स्टाइननं १९१६ मध्ये ज्या लहरी सांगितल्या, त्या अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा पकडल्या. दहावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. तो शिकवताना मी हे सांगितलं तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "तिथं आपल्याला काम लागंल का?" त्याच्या मनात खोदकाम होतं, नाहीतर वॉचमनकी. मला त्याला त्या आरशांजवळ उभा असलेला बघायचा आहे. त्यासाठी आधी त्यानं शाळेत एक साधं भिंग हातात धरलं पाहिजे.

म्हणून माझं मागणं लहान आहे. हायस्कूलच्या प्रयोगशाळा सहायकाच्या रिकाम्या जागा भरा. एका शिक्षकानं सहा-सात तास घेऊन परत परीक्षानळ्या धुवायच्या, रसायनं मोजायची आणि चाळीस मुलांवर लक्ष ठेवायचं, हे होत नाही, आणि आम्ल हाताळताना ते धोक्याचंही आहे. दुसरं, वर्षाला थोडी रक्कम विज्ञान शिक्षकाच्या हाती थेट खर्चाला द्या. मार्चमध्ये माझ्या खिशातून गेले ते स्पिरिट, आयोडीन, सोडा, लिंबं आणि दोन भिंगांचे पैसे; सगळे मिळून हजाराच्या आत. एवढ्यासाठी प्रस्ताव आणि दरपत्रकं मागवत बसलं की मार्च निघून जातो.

आणि त्या वीस गुणांचं काहीतरी करा. शेजारच्या शाळेतला शिक्षक बसवून प्रत्येक मुलाकडून निदान एक प्रयोग त्याच्या हातानं करून घ्या. पण आधी प्रयोगशाळा, मग कडक परीक्षा, हा क्रम मात्र मोडू नका. उलटं झालं तर साहित्य असलेल्या शहरातल्या शाळा तरतील आणि आमची मुलं, ज्यांना भिंगच मिळालं नाही, ती मार खातील. आपल्या खात्यात हे लिहिणं सोपं आहे आणि करणं अवघड, याची मला कल्पना आहे. तरी सुरुवात दुर्गम तालुक्यांपासून व्हावी, असं मनापासून वाटतं.

गेल्या मार्चमधलीच मुलं आता दहावीला आहेत. भिंगाचा प्रयोग आम्ही दिवाळीआधी केला. प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसणारा कडुलिंब कागदावर उलटा उमटला, तेव्हा दोघीजणी धावत बाहेर जाऊन तो खरंच सरळ उभा आहे ना, हे बघून आल्या. मग पट्टी लावून मोजलं. कुणाचं ९.८ सेंटिमीटर आलं, कुणाचं १०.१, त्या कोयत्यावरून परतलेल्या मुलाचं १०.४. त्यानं विचारलं, माझं चुकलं का, खोडून १० करू का? मी म्हटलं, नको, जे आलं तेच लिही.

त्या वह्या आता माझ्या टेबलावर आहेत. यंदा सह्या करायच्या आहेत.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका
जि. हिंगोली