नेट गेल्यावरचा उपाय नेटवर सांगून काय उपयोग?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज 10 चे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाले. त्याबद्दल मी ज्या ज्या बातम्या वाचल्या, त्यांत सल्ला एकच होता : विंडोज 11 करून घ्या. सल्ला बरोबरच आहे. पण केल्यानंतर नेटच बंद पडलं तर काय करायचं, हे एकाही बातमीत नव्हतं. त्यासाठी हे पत्र.

तासगावात गेली अकरा वर्षं मी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान चालवते. सातबारा, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, मुलांची शिष्यवृत्ती आणि नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. 31 ऑक्टोबरला रात्री शटर ओढल्यावर काउंटरवरचा कॉम्प्युटर अपग्रेडला लावला. सकाळी फायली, फोटो, मराठी फाँट सगळं जागच्या जागी होतं. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात वाय-फायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा गोल आणि त्यावर बंदीची खूण. वाय-फाय चालू करायचं बटणच नाहीसं झालेलं.

साडेनऊला पहिलेच आले ते एक निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. पेन्शनच्या कागदांची पिशवी मांडीवर ठेवून बाकावर बसले. अंगठ्याच्या मशीनवर ठसा लवकर उठत नाही हे त्यांना दरवर्षीच्या अनुभवानं माहीत, म्हणून बसल्या बसल्या रुमालाचं टोक ओलं करून अंगठा पुसत होते. पाऊण तासानं मी त्यांना ‘सोमवारी या’ म्हटलं. ते काही बोलले नाहीत. रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि उठले. मला फार वाईट वाटलं.

कॉम्प्युटर ज्या कंपनीचा, तिच्या हेल्पलाइनला फोन लावला. वीस मिनिटं थांबल्यावर समोरच्या मुलानं सांगितलं, ‘आमच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर डाउनलोड करून घ्या.’ म्हटलं, ‘दादा, नेट नाही म्हणूनच फोन केलाय.’ त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. रविवारी एक दुरुस्तीवाला आला. त्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ अकरा वर्षांचं काम त्यात आहे, मी नको म्हटलं.

मार्ग निघाला तो भाचीमुळे. ती सांगलीला डिप्लोमाला आहे. तिनं आधी माझा मोबाइल त्याच वाय-फायला जोडून पाहिला. मोबाइलवर नेट चाललं, म्हणजे राउटर आणि लाइन ठीक, बिघाड कॉम्प्युटरातच. मग स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडला. तिथे ‘नेटवर्क कंट्रोलर’ या नावावर पिवळा त्रिकोण होता. कार्ड जागेवर होतं, पण विंडोज आणि कार्ड यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा ड्रायव्हर नव्या सिस्टीममध्ये बसला नव्हता. तो आणायला नेट हवं आणि नेट यायला तो हवा! तेव्हा तिनं मोबाइल चार्जिंगच्या वायरनं कॉम्प्युटरला जोडला आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’, म्हणजे मोबाइलचं नेट वायरीतून कॉम्प्युटरला देण्याची सोय, चालू केली. त्याच क्षणी कॉम्प्युटरवर नेट आलं. पुढे विंडोज अपडेटमधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये वाय-फायचा ड्रायव्हर वाट बघतच होता. तो टाकला, रीस्टार्ट केलं, संपलं. एका वायरीचं काम होतं हो, आणि माझे दोन दिवस गेले. गुरुजींचा दाखला सोमवारी निघाला.

तिच्या स्वतःच्या लॅपटॉपला वेगळाच त्रास झाला. वाय-फाय जोडलेलं दिसे, पण एकही पान उघडेना. कमांड प्रॉम्प्ट या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप केल्यावर कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता 169.254 ने सुरू होणारा आला. असा पत्ता दिसला की राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि कॉम्प्युटरनं स्वतःच एक घेऊन ठेवलाय, असं समजायचं. मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस काढून टाकल्यावर तो सुरळीत झाला. ‘नेटवर्क रीसेट’ हा सगळ्यात शेवटचा उपाय, कारण त्यात साठवलेले वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात. आधी कागदावर लिहून घ्यावेत.

पण ज्याची मला खरी काळजी वाटते ती गोष्ट पुढची आहे. आतल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर विंडोज 11 ला चालत नाही, त्यात टीपीएम 2.0 ही विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची चिप नाही. त्यावर ग्राहकांच्या स्कॅनचं फोल्डर आहे आणि ते काउंटरवरून बिनपासवर्डचं उघडायचं. आता काउंटरवर नेट आलं, पण फोल्डर उघडेना. ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्याला प्रवेश नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. दुकानात आम्ही दोघी, आमचं कुठलं धोरण? नंतर कळलं की विंडोज 11 च्या 24एच2 या आवृत्तीपासून प्रो प्रकारात बिनपासवर्डचा असा प्रवेश मुळातच बंद केला आहे. दुरुस्तीवाल्यानं तोडगा सांगितला : ती सुरक्षाच बंद करून टाकू, पाच मिनिटांचं काम. बाजारपेठेतल्या किती दुकानांत हे पाच मिनिटांचं काम होऊन गेलं असेल, देव जाणे. त्या फोल्डरमध्ये लोकांची आधार कार्डं, पासबुकं, जातीचे दाखले असतात. विश्वासानं दिलेले कागद आहेत ते. सुरक्षा बंद करायची काहीच गरज नाही. जुन्या कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेला एक वेगळा युजर करायचा, फोल्डरची परवानगी फक्त त्याला द्यायची आणि काउंटरवर तेच नाव, तोच पासवर्ड एकदा टाकून ‘लक्षात ठेव’ म्हणायचं. आम्ही तसंच केलं. सोबत वाय-फायच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ झालं होतं ते ‘प्रायव्हेट’ केलं, नाहीतर प्रिंटरही दिसत नव्हता. जुन्या कॉम्प्युटरवरच्या विंडोज 10 साठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, त्याची नोंदणी करून ठेवली आहे.

आणखी एक. अपग्रेड पटलं नाही तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं, पण फक्त दहा दिवसांत. माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्यानं जागा मोकळी करायची म्हणून चौथ्याच दिवशी ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे जुनी विंडोज जपून ठेवलेलं फोल्डर उडवलं. त्याचा परतीचा रस्ता तिथेच बंद झाला.

संपादक महोदय, ही माहिती नेटवर आहे, बहुतेक इंग्रजीत आहे, आणि ज्याला ती लागते त्याचं नेट त्या घटकेला बंद असतं. पेपर मात्र तेव्हाही हातात असतो. म्हणून आपल्याला विनंती, तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या फोनच्या बातमीशेजारी एक चौकट याला द्यावी : अपग्रेडच्या आधी नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, वाय-फायचा पासवर्ड लिहून ठेवा, कामाच्या दिवसाच्या आदल्या रात्री अपग्रेड लावू नका, नेट गेलं तर आधी मोबाइलची वायर जोडा. कॉम्प्युटर विकणाऱ्यांनीही बिलासोबत एवढं एक पान मराठीत द्यावं. आणि हेल्पलाइनवाल्यांनी वेबसाइटचं नाव सांगण्याआधी ‘तुमच्याकडे मोबाइल आणि वायर आहे का?’ एवढं विचारावं.

मी हे सगळं एका कागदावर लिहून काउंटरमागे चिकटवलं आहे. शेजारचे मेडिकलवाले आणि बेदाण्याचे एक व्यापारी त्याचा फोटो काढून घेऊन गेले. त्याची झेरॉक्स या पत्रासोबत जोडते. काही चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं, पण छापताना कात्रण करून भिंतीला लावता येईल एवढ्या अक्षरात छापावं.

आपली,
एक वाचक, तासगाव, जि. सांगली