'पूरक जहाज' नव्हे, 'शक्ती'!

महोदय,

कालच्या अंकातला ऑपरेशन सुकूनवरचा, म्हणजे २००६ च्या युद्धात लेबननमध्ये अडकलेल्या भारतीयांना नौदलाने बाहेर काढले त्या मोहिमेवरचा लेख वाचला. 'मुंबई', 'ब्रह्मपुत्रा', 'बेतवा' या तिन्ही युद्धनौकांची नावे आहेत, त्यांच्या क्षेपणास्त्रांचे वर्णनही आहे. चौथ्या जहाजाची बोळवण मात्र 'सोबतचे पूरक जहाज' एवढ्यावर! ते जहाज म्हणजे नौदलाचा फ्लीट टँकर, ताफ्याला समुद्रातच तेल पुरवणारे जहाज, 'शक्ती'. जर्मनीतल्या ब्रेमर व्हल्कन गोदीत बांधलेली, १९७० च्या दशकात नौदलात आलेली. २००६ साली तिच्या सेवेला सुमारे तीस वर्षे झाली होती.

ताफा भूमध्य समुद्रातला दौरा आटोपून सुएझ ओलांडून घरी निघाला होता. तिथून माघारी वळायचे, मग लेबननमधले बैरुत ते सायप्रसमधले लार्नाका बंदर अशा फेऱ्या मारायच्या. टँकर सोबत असला की परक्या बंदरात तेलासाठी धक्का मागत बसावे लागत नाही.

'भरसमुद्रात इंधन घेतले जाते' हे लेखात एका ओळीत उरकले आहे. ते काम कसे चालते? दोन जहाजे साधारण १२ नॉट (ताशी सुमारे २२ किलोमीटर) वेगाने, मध्ये जेमतेम चाळीसेक मीटर ठेवून, शेजारी शेजारी धावतात. आधी बंदुकीने बारीक दोरी पलीकडे फेकतात, तिला बांधून जाड दोर, त्यामागून पोलादी तार. तारेवरून होज (तेलाची लवचीक नळी) सरकवतात, टोकाचा प्रोब (जोडणीचा भाग) समोरच्या जहाजावरच्या तोंडात घट्ट बसला की मगच पंप सुरू. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाणी जोराने वाहते, दाब उतरतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. टँकरने मार्ग आणि वेग जराही बदलायचा नसतो. अंतर सांभाळायचे ते तेल घेणाऱ्या नौकेने, सुकाणू एकेक अंश हलवत. त्यासाठी दोन्ही जहाजांमध्ये रंगीत खुणांची दोरी ताणलेली असते. अंतर वाढले तर होज तुटते, घटले तर तिचा झोळ लाटांत जातो. सोडवण्याआधी होजमध्ये हवा मारून उरलेले तेल काढावे लागते, नाहीतर ते डेकवर सांडते. एका नौकेचे झाले की दुसरी येते. टाक्या रिकाम्या होत गेल्या की टँकर हलका होऊन डोलू लागतो, मग समुद्राचे पाणी भरून तोल सावरायचा.

आणखी एक. 'हेच ते पूरक जहाज' म्हणून छापलेले छायाचित्र इटलीत बांधलेल्या नव्या 'शक्ती'चे आहे. ती २०११ मध्ये दाखल झाली; जुनी २००७ मध्येच निवृत्त झाली होती. नाव एकच असले तरी जहाजे दोन आहेत.

कृपया दुरुस्ती छापावी, आणि तीत जुन्या 'शक्ती'चे नाव स्पष्ट लिहावे.

— एक वाचक