सजगता म्हणजे मन कोरे करणे नव्हे

महोदय,
ताणावरचा उपाय म्हणून ‘माइंडफुलनेस’ म्हणजे सजगता हा शब्द हल्ली ऊठसूट कानावर पडतो, आणि त्यात मन कोरे करायचे असते असा समज पसरतो. मीही त्याच समजुतीने महिनाभर डोळे मिटून बसलो. विचार थांबेनात म्हणून स्वतःवरच चिडलो. ताण घालवायला बसलो आणि नवा ताण घेऊन उठलो!

मन भटकणारच. ते भटकले हे लक्षात येणे आणि न रागावता त्याला श्वासावर परत आणणे, एवढाच हा सराव. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या सजगतेच्या ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात, लक्ष एकाच गोष्टीवर ठेवण्याच्या सरावासाठी, एक बेदाणा न्याहाळून, हुंगून, सावकाश चावून खायला लावतात. पोरखेळ वाटतो खरा.

मला मात्र हे उमगले भांडी घासताना. हातावर गरम पाणी, बोटांत फेस, आणि डोक्यात उद्याच्या बैठकीतले वाद. तेवढ्यात आवळलेला जबडा जाणवतो. तो सैल सोडायचा, श्वास लांब सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, त्यात गूढ काही नाही.

कामाचा बोजा तसाच ठेवून कर्मचाऱ्यांसाठी सजगतेची शिबिरे भरवणे मात्र पटत नाही. शिवाय मनावर जुना आघात असलेल्यांना असे शांत बसणे कधी कधी त्रासदायकही ठरते. आपल्या आरोग्य पुरवणीत या बाजूवरही तज्ज्ञांकडून लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक नियमित वाचक